रामटेकजवळची एक रात्र: ५४५ फ्रेम्स हव्या होत्या, कामाच्या निघाल्या १३५

कार्तिक अमावास्येच्या दोन दिवस आधीची रात्र. नागपूरचा एक छायाचित्रकार मोटरसायकलवर तंबू, ट्रायपॉड आणि कॅमेरा बांधून एकटाच रामटेकच्या पुढे एका तलावाकाठच्या शेतात मुक्कामाला गेला. एकापाठोपाठ घेतलेले शेकडो फोटो (फ्रेम्स) एकावर एक रचून ध्रुव ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा, म्हणजे स्टार ट्रेल, पाच तास टिपायच्या आणि पहाटे धुक्यातली चक्रवाकं टिपायची, असा बेत होता. सकाळी हातात आलं ते असं: ५४५ फ्रेम्सच्या जागी २१३, त्यांतल्या स्वच्छ १३५, त्यांच्यातही प्रत्येक रेघ तुटक. पहाटेचं धुकं तर हुकलंच.

थंडीच्या तोंडावर एकट्याने कॅमेरा घेऊन मुक्काम करणाऱ्यांच्या बहुतेक चुका या एका रात्रीत एकत्र सापडतात, म्हणून ती सविस्तर उलगडली आहे. उपकरणं चांगली होती. जागाही चांगली होती. बिघडलं ते एका गृहितकापायी: रात्री काही अडलं तर उठून बघू. एकट्याच्या मुक्कामात झोप लागली की बघायला कुणी उरत नाही. त्यामुळे कॅमेरा रात्रभर माणसाशिवाय चालेल अशीच मांडणी अंधार पडायच्या आत करावी लागते.

जागा आणि परवानगी

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसरमार्गे रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. पुढे पेंचचं जंगल लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश) म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे आकाशासाठी इकडे येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. मात्र अभयारण्यात किंवा राखीव वनात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंच गुन्हा आहे. या प्रकरणात मुक्काम वनहद्दीबाहेरच्या खाजगी शेतात होता, मालकाच्या परवानगीने, आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवून. एवढं त्याने चोख केलं होतं.

शेत धानाचं. कापणी होऊन पुंजणं (कापलेल्या धानाचा ढीग) रचलेलं, बांध्या रिकाम्या, सगळीकडे तणस (धानाचा पेंढा). रानडुकरांपायी शेतमालकाच्या घरचे दोघे मचाणावर जागलीला होते, तंबूपासून साठ-सत्तर मीटरवर. एकट्याने जायचं असेल तर अशी हाकेच्या अंतरावरची सोबत असलेलीच जागा निवडावी, हे आमचं ठाम मत आहे. या पट्ट्यात वाघ-बिबट्याचा वावर आहे. अगदी निर्जन जागी उघड्यावर एकट्याने झोपण्यात शौर्य काही नाही.

कुंपणाच्या विजेच्या तारेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. शेतमालकाने उजेड असतानाच सांगून ठेवलं होतं, "भाऊ, त्या धुऱ्याकडे रातच्यानं जाऊ नका बरं, तार हाय तिकडं." धुरा म्हणजे शेताची हद्द. शेजारच्या शेतात सौर कुंपणाचं झटका मशीन होतं. झटका मशीन थांबून थांबून अगदी क्षणभराचा झटका देतं, जनावर पळून जातं. पण काही ठिकाणी थेट वीजवाहिनीवरून तारेत प्रवाह सोडला जातो. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसंही मरतात. म्हणून दिवसाउजेडी मशीनचा डबा आणि बॅटरी डोळ्यांनी बघून घ्यावी. कुणी ती दाखवायला तयार नसेल, तर तिथे मुक्काम करू नये. चौकट शोधत अंधारात मागे-मागे सरकणारा छायाचित्रकार पायाखाली बघत नसतो.

सापांबद्दल थोडक्यात. पुंजण्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप. घोणस थंडीतही दिसते. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. तंबू पुंजण्यापासून दूर लावावा, तंबूची चेन कायम बंद ठेवावी, बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. दंश झालाच तर आवळून बांधू नये, कापू नये. तो अवयव न हलवता १०८ ला फोन करावा किंवा जागलीवाल्यांना हाक मारून सरळ रुग्णालय गाठावं. वन्यप्राण्याची अडचण आली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

आकाशाची निवड

ही बरोबर होती. नोव्हेंबरच्या शेवटी रामटेकला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातपर्यंत पुरता अंधार होतो. आकाशगंगेचा धनु राशीतला झळाळता भाग या दिवसांत सूर्यामागोमागच नैऋत्येला बुडतो. रामटेकहून नैऋत्येला नागपूर आहे, म्हणजे तिकडे शहराच्या उजेडाचा घुमट. मे महिन्यातले फोटो डोळ्यांपुढे ठेवून नोव्हेंबरात येणारे इथेच हिरमुसतात. उत्तरेचं आकाश मात्र रात्रभर साथ देतं. ध्रुव तारा क्षितिजापासून २१ अंशांवर असतो, कारण आपला अक्षांश २१ आहे. २० मिमी लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवी धरली तर उभ्या दिशेने सुमारे ६२ अंश मावतात. म्हणजे खाली तलाव आणि काठावरचं मोहाचं झाड घेऊनही ध्रुवाभोवती भरपूर आकाश उरतं. डावीकडे शर्मिष्ठा खाली उतरत जाते. उजवीकडे सप्तर्षी दहाच्या सुमारास वर यायला लागतात आणि पुरते वर यायला दोन वाजतात. चंद्राची कोर उगवणार पहाटे साडेचारच्या आसपास. रात्री ११ ते पहाटे ४ हा काळ त्यामुळेच ठरवला होता.

तुटक रेघा कशा झाल्या

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, छिद्र एफ २, आयएसओ १६००, शटर ३० सेकंद, इंटरव्हल ३१ सेकंद. फोटो ३० सेकंदांचा आणि मध्ये एक सेकंद विश्रांती, असा हिशेब केला होता.

घात इथेच झाला. कॅमेऱ्यावर लिहिलेले ३० सेकंद बहुतेक वेळा प्रत्यक्षात ३२ असतात. शटरच्या वेळा दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, १६, ३२. शेवटच्या दोन वाचायला सोप्या पडाव्यात म्हणून १५ आणि ३० अशा लिहितात. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत इंटरव्हल म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या फोटोच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. दोन फोटोंमधली विश्रांती तो नव्हे. आता ३१ व्या सेकंदाला कॅमेऱ्याला पुढचा फोटो घ्यायचा होता, पण शटर अजून उघडंच होतं. ती वेळ चुकली. पुढची वेळ ६२ व्या सेकंदाला आली. रात्रभर हेच चाललं: ३२ सेकंद फोटो, ३० सेकंद काहीच नाही.

फटीचं मोजमापही करता येतं. आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. २० मिमी लेन्स आणि सुमारे ६ मायक्रोनचा पिक्सेल असला की एक पिक्सेल जवळजवळ ६२ विकलांचा पडतो. ३० सेकंदांत ४५० विकला, म्हणजे सात पिक्सेल. आठ पिक्सेलची रेघ, सात पिक्सेलची फट. ध्रुवाच्या अगदी जवळ तारे कमी सरकतात म्हणून तिथे फट जाणवत नाही. चौकटीच्या कडेला मात्र प्रत्येक रेघ कशिद्याच्या धावदोऱ्यासारखी दिसते.

घरी चाचणी घेतली होती की! पण दिवाणखान्याच्या उजेडात, १/६० सेकंदाला, पाच फोटो. तिथे ३१ सेकंदांचा इंटरव्हल बिनचूक चालतो, कारण शटर तेव्हाच्या तेव्हा मिटतं. जी मांडणी रात्री वापरायची तीच, त्याच शटरवेळेने, लेन्सवर झाकण ठेवून दहा मिनिटं चालवावी आणि फोटो मोजावेत. ३३ सेकंदांच्या इंटरव्हलला दहा मिनिटांत १८ किंवा १९ यायला हवेत. नऊ-दहा आले तर कॅमेरा एकाआड एक वेळ गाळतो आहे. याच चाचणीत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले नकोसे ठिपके काढायची कॅमेऱ्यातली सोय) चुकून चालू राहिलेलं असेल तर तेही पकडलं जातं, कारण ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ खातं.

अशा फटी बुजवायची सोय स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती एखाद-दोन पिक्सेलच्या फटींसाठी ठीक. सात पिक्सेलच्या फटीवर तिचा भरवसा धरू नये.

दव

रात्री दहाला सोबतच्या छोट्या मापकावर १७ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता होती. यावरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो आकडा, साडेबारा अंश निघतो. हवा साडेबारापर्यंत उतरणार ती पहाटे, तोवर काम आटोपेल, असा त्याचा अंदाज. पण दव काचेवर पडतं आणि काच हवेच्या तापमानाला थांबत नाही. निरभ्र रात्री वर तोंड केलेली काच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड होते. मोटरसायकलच्या सीटवर दव आधी दिसतं ते यामुळेच. हवा साडेचौदावर आली तेव्हाच काच दवबिंदूच्या खाली गेली होती.

फोटो ओळीने लावून पाहिले तर १ वाजून २० मिनिटांपर्यंतचे १३५ स्वच्छ आहेत. १३६ व्या फोटोत ध्रुव ताऱ्याभोवती हलकं वलय दिसतं. दीडशेच्या पुढे मंद तारे गळायला लागतात. एकशे ऐंशीत फक्त ठळक तारे, तेही कापसाच्या बोळ्यांसारखे. २ वाजून ४० मिनिटांनी बॅटरी संपली, तेव्हा २१३ वा फोटो जवळपास करडा होता.

जागेनेही दवाला हातभार लावला. प्रतिबिंब हवं म्हणून ट्रायपॉड पाण्यापासून चार-पाच मीटरवर, काठाच्या खोलगट भागात होता. थंड हवा जड असते, ती उतारावरून येऊन खोलगटात साचते, आणि तलावाचा ओलावा तिथेच. तीस-चाळीस मीटर मागे, बांधावर, थोड्या उंचीवर कॅमेरा असता तर दव उशिरा पडलं असतं. टळलं नसतं. लेन्स हूडनेही (लेन्सच्या तोंडावर बसवायच्या कड्यानेही) अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढाच. ओली काच पुसून उपयोग नाही. पुसलेली काच तितकीच थंड असते, काही मिनिटांत पुन्हा धूसर होते आणि पुसताना ट्रायपॉड हलतो तो वेगळाच.

खरा उपाय म्हणजे लेन्सच्या तोंडाशी, फोकसच्या कड्याला न टेकता, गुंडाळायची गरम पट्टी. युएसबीवर चालणारी तयार मिळते. घरीही करता येते: ५६ ओहमचे, १ वॅट क्षमतेचे १२ रेझिस्टर समांतर जोडून कापडी पट्टीत शिवायचे. एकूण रोध ४.६७ ओहम होतो आणि ५ व्होल्टला ५.४ वॅट उष्णता मिळते. प्रत्येक रेझिस्टरच्या वाट्याला अर्ध्या वॅटपेक्षा कमी येतं, म्हणून तो जळत नाही. जोडांवर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी, नाहीतर ओलाव्याने शॉर्ट होतो. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिली की पुरे. पट्टी सुरुवातीपासूनच चालू ठेवायची. दव पडल्यावर लावली तर काच सुकायला बराच वेळ जातो आणि तेवढा काळ फोटोत भोक पडतं.

विजेचा हिशेब असा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, हाती येतात सुमारे ३०. ५.४ वॅटची पट्टी तिच्यावर साडेपाच तास चालते. कॅमेराही बाहेरून चालवायचा तर त्याचे साधारण ३ वॅट धरावेत. सहा तास पट्टी ३२, पाच तास कॅमेरा १५, मिळून ४७ वॅट-तास. म्हणजे २०,००० एमएएचची एक पुरते. तरी आम्ही दोन वेगळ्या घ्यायला सांगू, पट्टीला २०,००० ची आणि कॅमेऱ्याला १०,००० ची, कारण काही पॉवर बँकांत एका तोंडाला वायर लावली-काढली की दुसऱ्या तोंडाचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि कॅमेरा बंद पडतो. वायरी ट्रायपॉडच्या पायाला बांधाव्यात. लोंबती वायर वाऱ्याने कॅमेरा हलवते.

ट्रायपॉड

काठावरची काळी माती वरून सुकी, आत ओली. काही तासांत एक पाय किंचित रुतला. किती, हे फोटोंवरून काढता येतं: मोहाची कड पहिल्या आणि १३५ व्या फोटोत पाच-सहा पिक्सेल सरकली आहे. दोन पायांतलं अंतर ६० सेंटिमीटर धरलं तर तेवढं सरकायला एक पाय १ मिलिमीटर खचला तरी पुरतो. प्रत्येक पायाखाली तळहाताएवढा सपाट दगड किंवा फळीचा तुकडा ठेवावा, वर जोर देऊन बसवावा आणि पंधरा मिनिटांनी चौकट पुन्हा तपासावी. मोटरसायकलवर पन्नास किलोमीटर हादरे खाल्लेले ट्रायपॉडचे स्क्रूही पोचल्यावर आवळावे लागतात. अॅलन की घरी राहिली तर सगळं बाकी नीट असून उपयोग नाही.

पहाट का हुकली

चारचा गजर झाला. कॅमेरा बंद आणि चिंब. त्याने तो घाईने तंबूत नेला. माणसाच्या रात्रभराच्या श्वासाने तंबूतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि ओलसर होती, कापडाच्या आतून थेंब लोंबत होते. थंड कॅमेऱ्यावर आणखी दव बसलं. त्याच बॉडीवर पक्ष्यांसाठी १००-४०० मिमीची टेलिफोटो लेन्स चढवायची होती, तीही बॅगेतून काढल्याबरोबर धूसर झाली. सव्वासहाला पाण्यावर वाफ उठत होती, कारण पाणी हवेपेक्षा गरम होतं. चक्रवाकांची जोडी त्या वाफेतून काठाकडे येत होती. लेन्स कोरडी झाली साडेसहा उलटल्यावर. तोवर ऊन आलं आणि वाफ विरली.

थंड कॅमेरा उबेत न्यायचाच असेल तर बाहेर असतानाच झिप असलेल्या प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करावा. दव पिशवीवर बसतं, आतल्या काचेवर नाही. टेलिफोटो लेन्स तर तंबूत आणूच नये. ती पिशवीत घालून रात्रभर तंबूच्या बाहेरच्या पडद्याखाली ठेवावी, म्हणजे पहाटे तिचं तापमान बाहेरच्या हवेचंच असतं. तंबूचे वरचे झरोके थंडी वाजली तरी उघडे ठेवावेत. ऊब खालून जपायची असते: तंबूखाली ताडपत्री, आत फोमची चटई, ५ अंशांपर्यंत आरामात झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग. तणस अंथरायचा मोह होतो, ऊबही देतं, पण त्यावर स्टोव्हची एक ठिणगी पुरे. चहा तंबूबाहेर, उघड्या मातीवर करावा. तंबूत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो, आणि एकट्याला जागं करायला कुणी नसतं.

दुसरी फेरी

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास तोच माणूस, तीच जागा, तीच जागल. या वेळी दुपारी साडेतीनला पोचणं. तारेचा धुरा, पाण्याकडची पायवाट आणि मचाण यांची उजेडात एक फेरी. ट्रायपॉड बांधावर, दगडांवर. चौकट उजेडात ठरवून ट्रायपॉडचं डोकं आवळलेलं. अंधार पडल्यावर दहा पट मोठं करून ठळक ताऱ्यावर फोकस, कड्यावर चिकटपट्टी, आणि हवा थंडावल्यावर साडेदहाला पुन्हा तपासणी. स्टॅबिलायझेशन (हाताच्या थरथरीची भरपाई करणारी सोय) बंद, इंटरव्हल ३३. पट्टी दहालाच चालू. अकराला सुरुवात आणि पहिल्या दहा मिनिटांनी फोटोंची मोजणी: १९.

झोपण्यापूर्वी गजर एकचा नि चारचा. एकला फक्त तिरक्या लाल उजेडात काच बघायची, कशालाही हात लावायचा नाही. लाल उजेडही कॅमेऱ्याच्या बाजूने, तलावाकडे झोत न टाकता.

तापमान १० अंशांपर्यंत उतरलं. तंबूवरून दव ओघळत होतं, काच कोरडी राहिली. फोटो आले ५४५. सहा फोटोंत विमानांच्या रेघा होत्या, त्या त्या फोटोंतच काळ्या रंगाने झाकल्या. पावणेतीनच्या दोन फोटोंत मचाणावरच्या टॉर्चचा झोत मोहाच्या झाडावरून फिरला होता. बांधीत डुक्कर शिरलं असावं. त्या दोन फोटोंमुळे झाडाचं खोड आणि खालची तणस उजळून निघाली, आणि अंतिम चित्रात ती तशीच ठेवली आहेत.